दिवस बुडायच्या आत

चंदन गेल्याचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. फोन ठेवला, राहिलेली भेंडी चिरली, फोडणीला टाकली. सून म्हणाली, "आई, बसा जरा." मी म्हटलं, "बसून काय करू? भेंडी करपंल." त्या भाजीत मीठ पडलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. घरात सगळ्यांनी गुमान खाल्ली.

त्याला आता बरेच दिवस झाले. रडू यायचं ते अजून आलेलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचली की गाल आपला नसल्यासारखा होतो ना, तसं आहे. चिमटा काढला तर काढलेला कळतो, दुखत मात्र नाही. पोळ्या होतात, औषधं घेतली जातात, शेजारीण आली की हसूही येतं. म्हटलं, नुसतं बसण्यापेक्षा चंदनबद्दल लिहून बघावं.

चंदन म्हणजे आमच्या घनसावंगीच्या बाजारातल्या कापडदुकानवाल्या जैनांची सून आणि मुलींच्या शाळेतली गणिताची बाई. मी त्याच शाळेत शिवण शिकवायची. ती रुजू झाली तेव्हा मी स्वतःला शाळेचा खांब समजत होते. नोकरी काही फार जुनी नव्हती, पण फुग्याच्या बाह्यांचा ब्लाऊज गावात मी पहिल्यांदा शिवला होता, आणि तेवढ्या भांडवलावर माणूस किती ताठ चालू शकतं हे माझ्याकडं बघून कळलं असतं. मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "शेटची सून हाय, टाइमपास करायला आली. दिवाळीपर्यंत टिकायची न्हाई." त्या फुग्यांमध्ये हवा भरलेली होती, आणि डोक्यातही तीच.

तरी पाहुणचार म्हणून मी दुसऱ्याच दिवशी डबाभर पोहे करून नेले. वर खोबरं, कोथिंबीर, आणि आत सढळ हातानं कांदा. चंदननं बशी घेतली, चष्मा वर करून पोह्यांत बघितलं, बशी हळूच खाली ठेवली आणि म्हणाली, "मी कांदा न्हाई खात." बास, एवढंच. मी हे जे मनाला लावून घेतलं, ते कुणी माझ्या खानदानाला शिव्या दिल्यासारखं. जैन लोक कांदा खात नाहीत हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण मला राग धरायचा होता, मंग माहितीचं काय करायचं?

भादव्यात त्यांची संवत्सरी येते. त्या दिवशी वर्षभरात कुणाला दुखावलं असेल त्याची घरोघर जाऊन माफी मागायची. चंदन माझ्या दारात आली, हात जोडले, म्हणाली, "कळत-नकळत काही बोलले असंल, वागले असंल, तर माफ करा." दुसरं कुणी असतं तर 'अहो काय हे, या, बसा' म्हणालं असतं. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "ते कळत-नकळत जाऊ द्या. पोह्यांची मागा."

तिनं जरा विचार केला. मंग पुन्हा हात जोडून अगदी सरळ तोंडानं म्हणाली, "पोह्यांची माफी मागते."

तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. अहोजाहोचं अगंतुगं झालं. दर भादव्यात ती यायची, हात जोडायची, आणि मी एकेक तक्रार बाहेर काढायची. माझ्या मशीनची कात्री नेऊन परत दिली नाहीस, शाळेच्या गॅदरिंगला माझ्या नाचाच्या वेळी जांभई दिलीस. ती प्रत्येकाची वेगळी माफी मागायची आणि शेवटी स्वतःच विचारायची, "आन पोहे?" मी म्हणायची, "ते तर हायेतच."

दिसायला ती बुटकी, डोक्यावर पदर, काखेत कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा छोटा डबा. दिवस बुडायच्या आत जेवायचं, त्यानंतर पाण्याचा घोटसुद्धा नाही, हा तिचा नेम. त्यामुळं तिचं सगळं आयुष्य सूर्याच्या हाताला बांधलेलं होतं. बैठक असो, लग्न असो, उन्हं कलली की चंदन पिशवी उचलायची. मुख्याध्यापकांचं भाषण चालू असतानाही उठायची. आम्ही तिच्यावर जळायचो, कारण आम्हाला तसं उठता येत नव्हतं.

आणि शिकवायची तऱ्हा उलटी. पोरीचं गणित चुकलं तर चंदन काही बोलायची नाही. बरोबर आलं की मात्र उभी करायची. "बराबर आलं? का आलं?" चुकलेल्या पोरी आरामात बसायच्या, आणि हुशार पोरींना घाम फुटायचा. "बाई, तुम्हीच शिकवल्यावाणी केलं." "मी शिकवलं म्हणून उत्तर येतं का? का आलं ते सांग." एकदा तिनं हे माझ्यावरही चालवलं. मी शिवलेला तिचा ब्लाऊज पहिल्यांदाच नीट बसला होता. आरशात बघून म्हणाली, "सुशीले, ह्या वेळी का बसला गं?" मी म्हटलं, "तू बारीक झालीस म्हणून." दोन दिवस बोलली नाही. त्याचीही तिनं भादव्यात माफी मागितली. खरं तर ती मी मागायला हवी होती, पण तो सण माझा नव्हता.

दोघी रिटायर झालो. मी नातवंडांत पडले. चंदन दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून पेपरातली कोडी सोडवायची. आणि मंग ते खोकं आलं.

शाळेची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात मोठ्या कंपनीत असते. तिनं शाळेला रोबोट बनवायचं सामान पाठवलं. मोटारी, चाकं, वायरी, त्या जोडायची पाटीएवढी एक हिरवी पट्टी आणि सोबत जुना लॅपटॉप. विज्ञानाच्या सरांना निवडणुकीची ड्युटी लागलेली. संस्थेच्या सचिवांना वाटलं, खोकं काचेच्या कपाटात शोभेल. माझी नात रेवा आठवीत होती, तिनं घरी येऊन हे सांगितलं. मी सहज चंदनला सांगितलं. सहज म्हणजे, मला गप्पांना विषय हवा होता. ती चप्पल घालून निघालीसुद्धा.

सचिवसाहेबांचं म्हणणं असं की संभाजीनगरला एका कॉलेजात शाळांची स्पर्धा असते, तिथं नेऊन दाखवा. "निदान एकदा तरी ते यंत्र ह्या टोकापासून त्या टोकाला गेलं पायजे. गेलं तर खोली तुमची, सामान तुमचं. न्हाई गेलं, तर मी ते आपल्या अंबडच्या शाळेला देऊन टाकतो. तिथल्या पोरांना कॉम्प्युटरचं बरं कळतंय."

चंदन म्हणाली, "बराबर हाय." आणि मला घेऊन बाहेर आली.

आम्हा दोघींचं रोबोटविषयीचं एकूण ज्ञान एवढंच, की खोक्यावरची चिकटपट्टी मी दातानं फाडली. पोरी तीन मिळाल्या. एक रेवा, तिला मीच घरातून पिटाळली होती. दुसरी नसरीन, बसस्टँडसमोर पंक्चर काढणाऱ्यांची, हिच्या हातात पाना जन्मापासून. तिसरी काजल, अंतरवाली सराटीकडच्या एका वस्तीवरून काळीपिवळी जीपनं शाळेत यायची, आणि लॅपटॉप तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हता.

काजलचा बाप तयार नव्हता. आम्ही वस्तीवर गेलो. तो तुरीच्या रानातून आला, हातपाय धुऊन समोर बसला. म्हणाला, "बाई, पोरगी शिकली पायजे, मला बी वाटतंय. पर शाळा सुटल्यावर थांबायचं, मंग जीप भेटंना, अंधार पडतो. दिवस बुडायच्या आत पोरगी घरात पायजे."

चंदन म्हणाली, "दादा, माझं जेवण दिवस बुडायच्या आत असतंय. मी काही उपाशी राहणारी बाई न्हाई. उन्हं उतरली की मीच खोलीला कुलूप घालते."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "खरंय. मुख्याध्यापकाचं भाषण टाकून उठती ती." तो हसला, आणि पोरगी मिळाली. चंदनचा नेम असा पहिल्यांदाच कुणाच्या कामाला आला.

रोबोटला करायचं होतं एवढंच. पांढऱ्यावर काढलेल्या काळ्या रेषेवरून चालत जायचं. त्याच्या पोटाखाली एक डोळा होता. पांढरं दिसलं की त्याचा आकडा मोठा यायचा, काळं दिसलं की लहान. मधला आकडा काजल लॅपटॉपमध्ये घालायची, त्यावरून तो ओळखायचा की आपण रेषेवर आहोत की बाहेर. मला हे समजायला बराच वेळ लागला, म्हणून तुम्हाला सोपं करून सांगतेय.

सरावाला पांढरा पट हवा होता. मी म्हटलं, "तो माझ्याकडं लागला." इतकी वर्षं शिवण शिकवलेलं कुठं जाईल? पांढरं कापड घेतलं, त्यावर काळी पट्टी शिवली, चारी बाजूंनी किनार, आणि चंदनला दाखवून म्हटलं, "बघ, फॉलसुद्धा लावलाय." रोबोट त्या पट्टीवर आला, शिवणीत त्याचं पुढचं चाक अडकलं आणि तो तोंडावर पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. नसरीन म्हणाली, "आजी, तुमचा फॉल लय मजबूत हाय." तीन पोरी पोट धरून हसत होत्या. वय झालं तरी ते ब्लाऊजचे फुगे काही पूर्ण उतरले नव्हते म्हणायचे.

शेवटी चंदनच्या पुतण्यानं चौकातून उतरवलेलं एक फ्लेक्स आणून दिलं. पुढून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, हात जोडलेला मोठा फोटो, खाली लहान फोटोंची रांग. पाठ मात्र पांढरीशुभ्र. उलटं करून व्हरांड्यात अंथरलं, काळी चिकटपट्टी लावली. रोबोट त्यावरून असा चालायला लागला की काय सांगू. चंदन पायरीवर बसून बघायची. हात लावायची नाही. पडला तरी उठायची नाही. आणि एकदाचा तो टोकाला पोचला, पोरी नाचायला लागल्या, की हिचं चालू: "पोचला? का पोचला?"

"मॅडम, आकडा बराबर घातला म्हणून."

"मंग काल त्याच आकड्यावर का अडकला?"

"काल चाक सैल होतं."

"हां. आता चाक सैल करून बघा, तसाच अडकतो का."

चालतंय ते बिघडवायला लावणारी बाई पोरींनी पहिल्यांदाच बघितली. रेवा घरी येऊन चिडायची, "आजी, तुझ्या मैत्रिणीला आनंद नावाची गोष्टच माहीत न्हाई का?" मी म्हणायची, "तिला विचार, आनंद का होतो."

आणि उन्हं शाळेच्या लिंबाच्या शेंड्यावर गेली, की कुलूप. काजल जीपला, चंदन जेवायला. एक दिवस चुकला नाही.

स्पर्धेला चंदनच्या दुकानाच्या, कापडाच्या गाठोड्यांच्या टेम्पोत बसून गेलो. पोरींचा नंबर दुपारचा होता. पण प्रमुख पाहुणे यायचे होते. ते आले उशिरा, मंग शाल, नारळ, मंग ज्यांना शाल मिळाली नाही त्यांची नाराजी, मंग त्यांनाही शाल. नंबर पुढं पुढं सरकत गेले. हॉलच्या उंच खिडक्यांमधलं ऊन तांबडं झालं. मी चंदनला म्हटलं, "जा, बाहेर जाऊन खाऊन घे. वेळ जाईल." तिनं डबा मांडीवर घेतला होता. ती म्हणाली, "पोरींचा नंबर आता येईल. मी जेवायला गेले आन तेवढ्यात आला तर?" खिडक्या विझल्या. कुणीतरी सगळ्या ट्यूब लावल्या. डबा तसाच मांडीवर राहिला. आता सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही, हे मला कळलं, पोरींना नाही.

तेवढ्यात काजलच्या बापाचा फोन. "बाई, दिवस बुडाला."

"बुडाला, दादा. माझी चूक झाली. पोरगी माझ्या डोळ्यापुढं हाय."

मंग नंबर पुकारला. मोठ्यांनी दोरीच्या मागं थांबायचं, टेबलाला फक्त मुलांनी हात लावायचा. काजलनं रोबोट रेषेवर ठेवला, बटण दाबलं. तो जागच्या जागी फिरायला लागला. गोल, गोल, गोल. थांबेना, पुढं जाईना. ज्याला वाट माहीत नाही त्यानंही निदान चुकीच्या दिशेनं जावं. हा नुसता गरगरत राहिला. शिट्टी झाली.

काजल दोरीपाशी आली, तोंड कसनुसं. "मॅडम, त्याला समदं काळंच दिसून राह्यलंय."

अजून एक फेरी होती, बाकीच्या शाळा झाल्यावर. पोरींच्या मागं सचिवांची अट उभी होती, हे तिघींनाही माहीत होतं. रेवा रडायला लागली. चंदननं तिला गप्प केलं नाही. विचारलं, "काल चालला. आज न्हाई. काल काय होतं, जे आज न्हाई?"

चाक बघितलं, ठीक. वायर ठीक. बॅटरी भरलेली. नसरीन मान वर करून छताकडं बघत होती. ती हळूच म्हणाली, "ऊन."

आमच्या व्हरांड्यात रोज ऊन होतं. त्या पोटाखालच्या डोळ्यानं आजवर फक्त उन्हातलं पांढरं बघितलेलं. ट्यूबच्या उजेडातलं पांढरं त्याला काळंच वाटत होतं. अख्खा सराव आम्ही एकदाही दिवा लावून केला नव्हता. आणि का केला नव्हता, ते सगळ्यांना एकदमच कळलं, कारण सगळ्यांची नजर चंदनच्या मांडीवरल्या डब्यावर गेली. माझीसुद्धा.

तिनं डबा खुर्चीवर ठेवला. उठली. दोरीच्या अलीकडून तिन्ही पोरींसमोर हात जोडले. "पोरींनो, माफ करा. तुम्हाला रोज विचारलं का चालला, का चालला. मी स्वतःला एकदा बी न्हाई विचारलं."

पोरी घाबरल्याच. एवढी म्हातारी बाई भर हॉलमध्ये हात जोडते म्हणजे काय. काजल म्हणाली, "मॅडम, असं नका ना करू," आणि मंग आवाज बदलून, "नसरीन, लॅपटॉप उघड." कोपऱ्यात एक सरावाचा पट होता. तिघी त्यावर आडव्या पडून ट्यूबखालचे आकडे घेत बसल्या. चंदन दोरीला धरून उभी. ओठ कोरडे पडलेले. मी पाण्याची बाटली पुढं केली आणि माझ्या मूर्खपणाबद्दल माझी मीच लाजले. ती म्हणाली, "तू पी."

दुसऱ्या फेरीत रोबोट हळूहळू निघाला. इतका हळू, की बाजूच्या शाळेची पोरं हसली. पहिल्या वळणावर थबकला, मंग वळला. मधे एकदा रेषेवरून उतरला, परत चढला. आणि ह्या टोकापासून निघालेला त्या टोकाला गेला. नंबर शेवटाकडचाच कुठलातरी आला. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून किंचाळत होत्या. दोरीमागून चंदनचा घसा बसलेला आवाज आला: "का पोचला?"

तिघी एका सुरात ओरडल्या, "मॅडम!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काजलच्या बापापुढं जाऊन उभी राहिली. मी बरोबर होते. हात जोडून म्हणाली, "दादा, शब्द मोडला. माफी मागते. आन पुढचं बी आत्ताच सांगते, आता दिवा लावून पण सराव करावा लागंल."

त्यानं तुरीच्या ढिगावर गोणपाट ओढलं. "यंत्र पोचलं का?"

"पोचलं."

"पोरगी घरी सोडणार कोण?"

"आमचा टेम्पो. मी स्वतः बसणार."

"दिवा लागल्यावर थोडाच वेळ बरं का. मी घड्याळ लावून बसणार हाय."

सचिवसाहेबांनी खोली दिली, जरा नाराजीनं दिली. चंदनचा नेम मोडला नाही, फक्त त्याची जागा बदलली. रोज उन्हं कलली की ती शाळेच्या पायरीवर बसून डबा उघडायची, पोळीभाजी खायची, तांब्याभर पाणी प्यायची, तोंड पुसायची. मंग हाक: "चला, आता अंधारातलं." लाईट गेली तर टॉर्चवर. टॉर्चवरही चालायला लागला, तेव्हा कुठं तिनं एकदा म्हटलं, "हां." पोरी म्हणतात, त्यांनी तिला हसताना तेव्हाच बघितलं. मला तसं वाटत नाही. ती ढेकर दाबत असंल.

उन्हाळ्यात तिला झटका आला. उजवी बाजू गेली. जीभही अर्धी गेली. दवाखान्यातून दुकानावरच्या खोलीत आणली. त्यानंतर पोरींनी शाळेतल्या खोलीची किल्ली स्वतःकडं घेतली. सकाळी दारं उघडायची काजल, आणि नवीन आलेल्या पाचवीच्या पोरींना 'का चालला?' विचारून रडवायची नसरीन.

भादवा आला. संवत्सरीला चंदन कुठून यायला? म्हणून मीच गेले, तिघी पोरींना घेऊन. त्यांनी ते फ्लेक्स उलटं करून तिच्या खोलीत अंथरलं. चंदन खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर शाल. तिची सून वाटीत खिचडी घेऊन बसली होती, खिडकीतल्या उन्हाकडं बघत एकेक चमचा भरवत होती. शेवटचा घास झाला, पाणी झालं. काजलनं रोबोट सोडला. तो अर्ध्या वाटेवर असताना ऊन गेलं, सुनेनं ट्यूब लावली. रोबोटला त्याचं काही वाटलं नाही. टोकाला जाऊन थांबला.

चंदननं पोरींकडं बघितलं. ओठ हलले. रेवा जवळ जाऊन म्हणाली, "सांगते मॅडम. आता तो निघायच्या आधी स्वतःच आजूबाजूचा उजेड बघतो. मंग चालतो." चंदननं डोळे मिटले, उघडले.

पोरी सामान घेऊन जिना उतरल्या. मी उठले. तेव्हा तिनं डावा हात उचलला. छातीपाशी आणून उभा धरला, बोटं जुळवून, जोडीला दुसरा हात असल्यासारखा. आणि माझ्याकडं बघत राहिली. तिला माझी तक्रार हवी होती. इतक्या वर्षांची रीत होती ती. मी तोंड उघडलं. काहीतरी खोडसाळ बोलायचं होतं, एखादी कात्री, एखादी जांभई. मला एकही आठवेना. सगळं कोरं. ती हात तसाच धरून थांबली. खाली घेईना.

"पो...हे," ती म्हणाली. अर्ध्या तोंडानं, पण बराबर म्हणाली.

मी म्हटलं, "हां. ते तर हायेतच."

मंग तिनं हात खाली ठेवला.